जादूचा प्रयोग ठेवायचाय? आधी बसायची जागा ठरवा, मग जादूगार

गणपती मंडळ असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की लग्नाआधीची हळदीची रात्र, जादूचा प्रयोग ठरवायची आपल्या खान्देशातली पद्धत जवळपास सगळीकडे सारखीच. कुणाच्या तरी ओळखीतून जादूगाराचा नंबर मिळतो, फोनवर बिदागी ठरते, ॲडव्हान्स जातो आणि बाकीचं ‘मंडपवाला बघून घेईल’ म्हणून सोडून दिलं जातं. मग कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजमागून पोरं डोकावतात, डाव्या कोपऱ्यातल्या बायकांना पेटीच्या आतलं सगळं दिसतं, जादूगार एका हातात माईक धरून दुसऱ्या हाताने पत्ते पिसायची कसरत करतो आणि ऐन रंगात कुणाचा तरी सत्कार निघतो. घरी जाताना लोक म्हणतात, जादूगार काही खास नव्हता. त्याला खास काही करता येईल अशी सोयच आपण केलेली नसते.

गाणं कोपऱ्यात बसूनही ऐकू येतं, भाषण पाठीमागूनही कळतं. जादू मात्र समोरूनच पाहायची असते. कोण कुठे बसणार, उजेड कुठून पडणार आणि आधी-नंतर काय होणार, या तीन गोष्टींवर प्रयोग उभा राहतो किंवा कोसळतो. त्या तिन्ही आयोजकाच्या हातात असतात, जादूगाराच्या नाही. म्हणून खालचा क्रम मोडू नका. ॲडव्हान्स चौथ्या टप्प्यानंतर द्यायचा आहे, पहिल्या दिवशी नाही.

## टप्पा १ : समोर कोण बसणार आहे?

‘सगळेच येतील’ हे उत्तर चालणार नाही. कागदावर तीन गोष्टी लिहा: अंदाजे माणसं किती, त्यात बारा वर्षांखालची पोरं किती आणि लोक कुठल्या बोलीत हसतात.

पोरांचा वाढदिवस असेल तर ३० ते ४० मिनिटं पुष्कळ झाली. सहा वर्षांखालची मुलं त्यापुढे एका जागी बसत नाहीत, मग दोष कुणालाही द्या. शाळेसाठी ४५ मिनिटं, घरातली लहानथोर सगळी मंडळी असतील तर तासभर. दोन तासांचा प्रयोग फक्त नाट्यगृहात, खुर्च्या आणि मध्यंतर असेल तरच ठेवा.

बोलीचा मुद्दा लोक सोडून देतात आणि तिथेच अर्धी मजा जाते. साक्री, शिरपूर, पारोळ्याकडच्या गावात जादूगार तासभर हिंदीत शायरी फेकत राहिला तर मागच्या म्हाताऱ्या उठून जातात. त्याने मधूनच नुसतं ‘दखा बरं आते’ म्हटलं तरी मंडप हसतो. जादूगार बाहेरचा असेल तर चार-पाच अहिराणी वाक्यं त्याला आधी पाठवा. यावल-रावेरकडे लेवा बोलीतली पाठवा. नंदुरबारच्या डोंगराळ भागात पावरी किंवा भिली बोलणारा गावातलाच एखादा तरुण दुभाष्या म्हणून स्टेजवर द्या, पण त्याची आणि जादूगाराची भेट प्रयोगाआधी झाली पाहिजे.

## टप्पा २ : जागा आणि बसण्याची रचना

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबू.

कोन. स्टेजच्या मधोमध उभे राहा आणि दोन्ही हात समोर, पण तिरके, इंग्रजी व्हीसारखे पसरा. त्या दोन हातांच्या मध्ये जेवढी जागा येते तेवढ्यातच प्रेक्षक बसवायचे. मधल्या रेषेपासून दोन्हीकडे साधारण ४५ अंश. याबाहेर बसलेल्याला टेबलाची मागची बाजू, बाहीच्या आतलं, पेटीच्या कडेचं दिसतं. लांबलचक, अरुंद स्टेज आणि त्याच्या तिन्ही बाजूंनी सतरंज्या ही कीर्तनाची मांडणी आहे. जादूला ती चालत नाही.

पाठ. स्टेजच्या मागे पक्की भिंत असेल तर उत्तम. नसेल तर गडद रंगाचं, जाड, वाऱ्याने न उडणारं कापड जमिनीपर्यंत हवं. मंडपवाले झालरीचं पातळ पांढरं किंवा गुलाबी कापड लावतात आणि शोभेला त्याच्यामागे ट्यूब किंवा एलईडीच्या माळा सोडतात. मागे उजेड असला की पुढच्या माणसाचा आणि त्याच्या हातातल्या वस्तूचा काळा आकार उजळलेल्या कापडासमोर उठून दिसतो आणि बारीक दोरासुद्धा लपत नाही. मागचा उजेड बंद, हे मंडपवाल्याला शब्दात सांगा. नुसतं ‘काळा पडदा लाव’ म्हणून भागत नाही.

वरून दिसणं. हा खास आपल्याकडचा प्रश्न. गावातल्या चौकात प्रयोग असला की आजूबाजूच्या धाब्यांवर, म्हणजे मातीच्या सपाट छतांवर, आणि गच्च्यांवर बायका-पोरांची गर्दी होते. चौकाच्या कडेला धाब्याचं घर असतं, त्यावर आजी तीन नातवंडं घेऊन कठड्याला टेकलेली असते आणि तिथून जादूगाराचं टेबल थेट खाली दिसतं. टोपलीत काय आहे, पेटीचं झाकण उघडल्यावर आत कोण वाकलंय, सगळं. मग नातू ओरडतो आणि खाली बसलेल्या तीनशे माणसांचा रस निघून जातो. त्या आजीला उठवायला जाऊ नका, तिचं ते घर आहे. स्टेजवर कापडी छत घ्या आणि दोन्ही बाजूंना स्टेजच्या पुढच्या काठापर्यंत कनाती बांधा. छत आणि बाजूच्या कनाती मिळून स्टेज समोरून उघड्या खोक्यासारखं दिसलं पाहिजे.

मागची वाट. स्टेजला लागून, कनातीने बंद केलेली एक खोली किंवा जागा जादूगाराला हवी. तिथून स्टेजवर जायची वाट प्रेक्षकांना दिसता कामा नये. मंगल कार्यालयात वधूपक्षाची खोली स्टेजच्या मागेच असते, ती मिळवा. लॉन्सवर असाल तर भटारखान्याकडे जायची वाट स्टेजमागून आहे का ते तपासा. वाढप्ये पातेली घेऊन सारखे मागून ये-जा करतात, आणि त्यांना अडवणारं त्या वेळी कुणीच नसतं.

उंची आणि अंतर. प्रेक्षक सतरंजीवर असतील तर स्टेज अडीच ते तीन फूट, खुर्च्यांवर असतील तर तीन ते साडेतीन. पहिली रांग स्टेजपासून आठ-दहा फूट मागे. नाणी, पत्ते, दोरीचे प्रयोग तीस-चाळीस फुटांपलीकडे दिसत नाहीत. तीनशेच्या वर माणसं असतील तर एक तर मोठ्या वस्तूंचे प्रयोग मागा, नाही तर कॅमेरा आणि एलईडी पडदा घ्या. पडदा घेतला तर कॅमेरामन समोरच उभा राहील, स्टेजच्या बाजूला किंवा मागे नाही. लग्नातल्या व्हिडिओवाल्याला हे आधी सांगितलं नाही तर तो सवयीने स्टेजवर चढणारच.

जमीन. लोखंडी टिपांवर, म्हणजे पिंपांवर, फळ्या टाकून केलेलं स्टेज हलतं. मोठ्या पेट्यांना चाकं असतात, त्यामुळे फळ्यांमधल्या फटी प्लायवूडने झाकून वर गालिचा ताणून खिळवून घ्या. साधा प्रयोग १२ बाय १० फुटांत होतो. माणूस गायब करणं, कापणं, अधांतरी उचलणं असले प्रयोग असतील तर २० बाय १६ धरा.

नाट्यगृह घेतलं तर यातले बरेच प्रश्न आपोआप सुटतात. जळगावचं छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह, धुळ्याचं राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर, नंदुरबारचं छत्रपती शिवाजी महाराज नाट्यमंदिर ही बंदिस्त सभागृहं आहेत, तिथे पाठ आणि बाजू झाकलेल्याच असतात. जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात मात्र आकाश उघडं आहे, तिथे वारा आणि बाहेरचा उजेड धरूनच प्रयोग निवडा.

> तपासा: जागेवर जा. खुर्ची घेऊन अगदी डाव्या कोपऱ्यात, मग अगदी उजव्या कोपऱ्यात, मग शेवटच्या रांगेत बसा. स्टेजवर एकाला वही धरून उभं करा. वहीची मागची बाजू कोपऱ्यातून दिसली तर तिथे माणूस बसवायचा नाही. मागून आणि वरूनही एकदा पाहून घ्या.

## टप्पा ३ : वेळ

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ च्या पुढे जातो आणि सूर्य सातच्या सुमारास मावळतो. त्यामुळे उन्हाळ्यात उघड्यावरच्या प्रयोगाची खरी वेळ साडेसात ते नऊ एवढीच उरते. पाचला ठेवला तर पहिली अडचण ऊन, दुसरी उजेड, आणि तिसरी गोष्ट जादूगाराचे हात. घामाने ओले झालेले हात पत्त्यांना आणि नाण्यांना चालत नाहीत.

डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो, साडेसहाला सुरुवात करता येते. पण धुळे-जळगावची थंडी रात्री चांगलीच झोंबते. उघड्या मैदानावर साडेआठनंतर पोरं कुडकुडायला लागतात आणि आया त्यांना उचलून घरी नेतात. थंडीत लवकर सुरू करा, लवकर संपवा.

दिवसा शाळेच्या पटांगणात प्रयोग ठेवायचाच असेल तर स्टेज उत्तरेला किंवा दक्षिणेला घ्या. स्टेज पश्चिमेला असेल तर दुपारनंतर पोरांच्या डोळ्यांत ऊन जातं आणि जादूगार नुसता काळा आकार दिसतो.

गणपतीत पावसाचा भरवसा नाही. छतावर ताडपत्री हवीच. पाणी स्टेजच्या मागे निघेल असा ताडपत्रीला उतार द्या, नाही तर झोळ भरतो आणि नेमका प्रेक्षकांवर रिकामा होतो. वैशाखात वावटळ हा तसाच धोका. कनातींचे बांबू जमिनीत गाडून घ्या, नुसते दगडाला बांधून ठेवू नका.

गावातला आठवडे बाजार, शेजारच्या गावची यात्रा, त्याच रात्री दुसऱ्या गल्लीतलं डीजेचं लग्न हेही पाहा. शेजारी डीजे असेल तर जादूगाराचं बोलणं ऐकू येत नाही, आणि बोलण्याशिवाय जादू अर्धीच राहते.

## टप्पा ४ : आता जादूगार निवडा

जागा आणि वेळ पक्की झाली की जादूगाराला फोन करा, आणि पहिल्याच फोनवर जागेचे चार फोटो पाठवा: समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून. चांगला जादूगार फोटो पाहिल्यावर स्वतःच प्रश्न विचारायला लागतो. फोटो न उघडता ‘काही टेन्शन नको, सगळं होईल’ म्हणणारा माणूस घेऊ नका.

त्याला हे विचारा:

- एका प्रयोगाचा न कापलेला, निदान दहा मिनिटांचा व्हिडिओ आहे का? रील पाहून काहीच कळत नाही. रीलमध्ये टाळ्या असतात, मधले रिकामे क्षण नसतात.
- चारही बाजूंनी लोक असले तर काय कराल? ‘ते प्रयोग वेगळे असतात, ते आणेन’ किंवा ‘मग मला भिंत द्यावी लागेल’, ही दोन्ही उत्तरं खरी आहेत. ‘फरक पडत नाही’ हे उत्तर खरं नाही.
- आग, धारदार वस्तू, प्राणी-पक्षी यांपैकी काय वापरता?
- सोबत किती माणसं, किती सामान, मांडायला किती वेळ?

प्राण्यांबद्दल स्पष्ट राहा. पोपट, साप, माकड हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात, ते स्टेजवर येता कामा नयेत. कबुतर-सशांसारख्यांचे खेळ करायलाही २००१ च्या नियमांनुसार नोंदणी लागते. कागद असेल तर बघा, नसेल तर त्यांच्याशिवाय प्रयोग मागा. मे महिन्याच्या उन्हात बंद पेटीत तासभर ठेवलेलं कबुतर मरू शकतं, आणि ते पोरांसमोर होऊ शकतं. मला विचाराल तर कागद असला तरी उन्हाळ्यात पक्षी नकोच म्हणा. प्रयोगाची रंगत त्यावर अडलेली नसते.

भूत काढणं, भानामती, अंगात येणं असल्या नावाचे प्रयोग तर अजिबात घेऊ नका. याचं कारण सहाव्या टप्प्यात येईल.

> थांबा: इथवरच्या चार टप्प्यांची उत्तरं कागदावर आली का? आली असतील तर ॲडव्हान्स द्या. शक्यतो एक तृतीयांशाच्या आत, आणि ऑनलाइन, म्हणजे नोंद राहते.

## टप्पा ५ : लेखी ठरवा

स्टॅम्पपेपर लागत नाही. व्हॉट्सॲपवर एकच सविस्तर संदेश आणि त्याला जादूगाराचं ‘मान्य’ एवढं उत्तर पुरतं. त्यात तारीख, पत्ता, पोहोचायची वेळ, सुरुवातीची वेळ, प्रयोगाची लांबी, माणसं किती, प्रवास-मुक्काम-जेवण कुणाकडे, साउंड-लाइट कुणाचं, पाऊस आला किंवा गावात दुःखद घटना घडली तर ॲडव्हान्सचं काय, आणि उरलेली रक्कम कधी, हे सगळं यावं. दुःखद घटनेचा मुद्दा लिहायला लोक संकोचतात. पण गावात कुणी गेलं की कार्यक्रम त्याच दिवशी रद्द होतो आणि मग पैशावरून तोंडं वाकडी होतात. आधीच लिहिलेलं बरं.

पोहोचायची वेळ सुरुवातीच्या चार तास आधीची लिहा. नाशिक-मुंबईकडून किंवा सुरतेहून येणारा माणूस रेल्वेने आला तर भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, नंदुरबार सोयीचं पडतं. पण पेट्या असतील तर तो टेम्पोने येणार, आणि संभाजीनगरहून येताना कन्नडच्या घाटात वाहतूक अडली तर सगळा हिशेब कोलमडतो.

## टप्पा ६ : परवानगी आणि कायदा

उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला पोलीस ठाण्याची परवानगी घ्या. रस्ता किंवा चौक वापरणार असाल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचीही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणांच्या ठरावीक दिवशी शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देतं, पण वर्षाकाठी जास्तीत जास्त १५ दिवस, आणि ते कुठले हे आधीच जाहीर होतं. आपला दिवस त्यात आहे असं गृहीत धरू नका, ठाण्यात विचारा.

आता २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. करमणुकीसाठी हातचलाखी दाखवणाऱ्या कलावंताविरुद्ध तो नाही. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, लोकांना फसवणं, घाबरवणं आणि अमक्या माणसाने करणी केली, तमक्यात भूत आहे असं जाहीर करणं यांना त्याने बंदी आहे. म्हणून माईकवरून पहिलंच वाक्य हे असू द्या: ‘आता जे दिसेल ती कला आहे, हातचलाखी आहे, यात कुठलीही दैवी शक्ती नाही.’ यामुळे मजा कमी होत नाही. उलट, पोरं डोळे फाडून बघतात आणि युक्ती शोधायला लागतात.

नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः अक्कलकुवा-धडगावकडच्या सातपुड्यात प्रयोग असेल तर यात जराही ढिलाई नको. तिथे डाकीण ठरवून बायकांना मारहाण करण्याचे, गावाबाहेर काढण्याचे प्रकार घडलेले आहेत. अशा गावात जादूगाराने गमतीने जरी प्रेक्षकांतल्या एखाद्या बाईकडे बोट दाखवून ‘हिच्यात काहीतरी शक्ती आहे’ म्हटलं, तर प्रयोग संपल्यावर त्या बाईला गावातच राहायचं असतं. जादूगाराला हे समोर बसवून सांगा. लिंबू, कवटी, बाहुली, हळद-कुंकू यांतलं काहीही स्टेजवर नको. आणि एक-दोन सोप्या युक्त्या शेवटी उलगडून दाखवायला सांगा. सातपुड्यातल्या गावात ती पाच मिनिटं मला बाकीच्या सगळ्या प्रयोगापेक्षा मोलाची वाटतात.

## टप्पा ७ : वीज, आवाज, उजेड

मंडळ असाल तर महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या, आकडा टाकू नका. लोडशेडिंगचं वेळापत्रक काय आहे ते आधी विचारा आणि तरीही जनरेटर ठेवा. वीज गेल्यावर जनरेटर सुरू करायला दोन-तीन मिनिटं जातात, आणि तेवढ्यात प्रयोगाचा ताल तुटतो. उन्हाळ्यात, जेव्हा वीज जाण्याची शक्यता जास्त, तेव्हा प्रयोगाचा तेवढा तास थेट जनरेटरवरच काढा. जनरेटर स्टेजपासून लांब, धूर प्रेक्षकांकडे येणार नाही अशा बाजूला आणि भिंतीआड ठेवा. पावसाळ्यात स्टेजच्या मुख्य स्विचबोर्डवर गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी लावून घ्या. इलेक्ट्रिशियनला हे नाव माहीत असतं.

माईक कानाला अडकवायचा किंवा कॉलरचाच हवा. साउंडवाल्याकडे नसेल तर भाड्याने मागवायला लावा, कारण जादूगाराला दोन्ही हात मोकळे लागतात. सेल नवे घाला, आणि एक हातातला माईक जादा ठेवा, तो प्रेक्षकांतून वर आलेल्या माणसाशी बोलायला लागतो.

संगीत पेनड्राइव्हमध्ये, क्रमाने नावं देऊन. ते वाजवायला एकच माणूस, आणि तो प्रयोग संपेपर्यंत जागेवरून उठणार नाही. मोबाईलवरून वाजवणार असाल तर मोबाईल फ्लाइट मोडवर टाका. जादूगार श्वास रोखून उभा आहे आणि स्पीकरमधून कुणाच्या तरी मामाचा फोन वाजतोय, असं मंडपात नको असेल तर एवढं कराच.

उजेड समोरून आणि जरा वरून, दोन्ही कोपऱ्यांतून. प्रेक्षकांच्या डोक्यावरचे हॅलोजन प्रयोगाच्या वेळी बंद करा, पण पूर्ण अंधार करू नका. येण्या-जाण्याच्या वाटेवर दोन दिवे चालू राहू द्या.

> तपासा: प्रयोगाच्या दोन तास आधी माईक, संगीत आणि दिवे एकत्र लावून बघा. वेगवेगळे लावून काही कळत नाही. तिन्ही एकदम चालू झाले की फ्यूज उडतो.

## टप्पा ८ : कार्यक्रमाचा क्रम

क्रम हा: आरती किंवा दीपप्रज्वलन, सत्कार, प्रयोग, जेवण. प्रयोगानंतर भाषण नाही, प्रयोगाच्या मध्ये काहीच नाही.

गणपती मंडळासाठी असं बसतं. सव्वासातला आरती. साडेसातला लोकांना जागेवर बसवणं, याला दहा मिनिटं लागतातच. सात चाळीस ते सात पन्नास सत्कार, सगळे एकदम, शाल-श्रीफळ आणि फोटो. सात पंचावन्नला प्रयोग, आठ पन्नासला संपला. प्रसाद. साडेनऊला साउंड बंद.

जेवणाची चूक लग्नघरी होते. एकीकडे वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीची पंगत उठतेय, दुसरीकडे प्रयोग चाललाय. बट्टीचा वास आला की माणूस जादूसाठी थांबत नाही, आणि थांबूही नये. हळदीच्या रात्री प्रयोग साडेसातला सुरू करून साडेआठला पहिली पंगत बसवा. आचाऱ्याला ही वेळ आदल्या दिवशी सांगा. बुफे असेल तर प्रयोग होईपर्यंत काउंटर झाकलेले राहू द्या.

प्रमुख पाहुणे उशिरा येणार, हे धरूनच चला. त्यांच्यासाठी प्रयोग अडवू नका आणि ते आले म्हणून मधेच तोडू नका. जादूगाराशी आधीच ठरवा: पाहुणे आले की पुढे उभा असलेला कार्यकर्ता डोक्यावर हात ठेवेल, जादूगार हातातला प्रयोग पूर्ण करेल आणि स्वतःच पाहुण्यांचं स्वागत करून त्यांना एखाद्या खेळात घेईल. पाहुण्यांनाही यात सत्कारापेक्षा जास्त आनंद होतो.

निवेदकाला दोन सूचना. जादूगाराची ओळख एका मिनिटात संपवायची, आणि ती जादूगाराने लिहून दिलेलीच वाचायची. दुसरी, पुढे काय होणार ते सांगायचं नाही. ‘आता सर रिकाम्या टोपीतून फुलं काढणार आहेत’ असं निवेदकानेच जाहीर केलं, की लोक टोपीच्या तळाकडे बघत बसतात.

## टप्पा ९ : प्रयोग चालू असताना

चार माणसं नेमा आणि प्रत्येकाला एकच काम द्या. एक स्टेजमागे, कुणालाही आत न सोडणारा. यासाठी मंडळाचा अध्यक्ष नको, कारण त्याला प्रत्येक जण ओळखतो आणि तो कुणाला नाही म्हणू शकत नाही. एक साउंडजवळ. एक पुढच्या रांगेशी, पोरांसाठी. एक आगीसाठी.

आग. मंडपाचं कापड, झालर, कागदी फुलं हे सगळं भराभर पेटतं. जादूगार जो झटकन भडकून नाहीसा होणारा कागद वापरतात, त्याची राख उरत नाही, पण ज्योत कापडाला लागली तर व्हायचं ते होतंच. कापडी मंडपात उघडी आग नको, हे सरळ सांगा. बंदिस्त सभागृहात व्यवस्थापकाने लेखी हो म्हटलं तरच. एबीसी प्रकारचं अग्निशामक स्टेजच्या बाजूला, वाळूच्या दोन बादल्या, आणि ते चालवता येणारा माणूस. आचाऱ्याचे गॅस सिलिंडर स्टेजमागे ठेवलेले नाहीत ना, हे पाहून घ्या. सावलीला म्हणून ते अनेकदा तिथेच ठेवले जातात.

पोरांना वर बोलावणं. धारदार किंवा बंद पेटीच्या खेळात लहान मुलांना घेऊ द्यायचं नाही. वर यायला तयार असलेल्या चार-पाच मुलांची नावं आई-बापांना विचारून आधीच काढून ठेवा. रडणाऱ्या पोराला ढकलून स्टेजवर चढवू नका. बाईमाणसांना वर बोलावताना जादूगाराने हात धरून ओढायचं नाही, हेही आधी सांगून ठेवा. गावात अशा एका गोष्टीवरून सगळा कार्यक्रम बिघडतो.

चॉकलेटं. रिकाम्या डब्यातून चॉकलेटं काढून गर्दीत उधळणं जादूगारांना फार आवडतं. हे होऊ देऊ नका. सतरंजीवर बसलेली दोनशे पोरं एकदम उठून पुढे धावली की खालची पाच वर्षांची पोर तुडवली जाते. चॉकलेटं काढू द्या, टोपली कार्यकर्त्याकडे द्या आणि बाहेर जाताना दारात एकेकाला वाटा.

वीज गेली तर. त्या क्षणी पेटीत माणूस असेल तर आधी त्याला बाहेर काढायचं, मग बाकीचं. त्यासाठी स्टेजच्या दोन्ही बाजूंना चार्ज केलेली एकेक बॅटरी तयार ठेवा. निवेदकाने तेवढ्यात लोकांना ‘जागेवरच बसा’ एवढंच सांगत राहायचं. माईक बंद असेल, म्हणून या कामाला मोठ्या आवाजाचा माणूस ठेवा.

## टप्पा १० : प्रयोग संपल्यावर

टाळ्या पडल्या की पोरं स्टेजवर धावतात, पेट्या उघडून बघतात, टेबलाखाली घुसतात. पंधरा मिनिटं स्टेजवर कुणालाही सोडू नका. फोटो काढायचे तर स्टेजच्या खाली, जादूगार खाली उतरून. तेवढ्या वेळात त्याच्या माणसांना सामान भरू द्या.

जादूगार आणि त्याच्या सोबतची माणसं दुपारपासून राबलेली असतात आणि पंगतीच्या गडबडीत त्यांच्या ताटाची आठवण कुणाला राहत नाही. त्यांची पानं आधीच काढून ठेवा. उरलेली रक्कम टेम्पो भरायच्या आधी द्या, पावती घ्या. मग स्टेजवरून बॅटरी फिरवा: टाचण्या, ब्लेडचे तुकडे, वायरचे सांधे गोळा करा, कारण सकाळी त्याच फळ्यांवर गल्लीतली पोरं अनवाणी खेळायला येतात.